समुद्राखालचा वाढदिवस: निळा केक, लाटांचे कपकेक आणि शंख-शिंपले घरच्या घरी

वाढदिवसाला समुद्राची थीम ठरली की पहिली खरेदी होते निळ्या रंगाच्या बाटलीची. ती सगळ्यात शेवटी व्हायला हवी. आधी ठरवायचं ते कोणता रंग कोणत्या पदार्थावर चढवायचा. रंग बिघडला की आपण बाटलीला दोष देतो, पण बिघाड बहुतेक वेळा खालच्या पदार्थात असतो. बटर पिवळसर असतं, त्यात निळा घातला की हिरवट छटा येते. हळद घातलेल्या मिश्रणात खायचा सोडा पडला की ते लालसर होतं. बीटचा सुंदर गुलाबी रंग सोडा आणि ओव्हनची उष्णता मिळून मातकट करून टाकतात. वितळलेल्या व्हाइट कंपाउंडमध्ये (पांढऱ्या चॉकलेटसारखी लादी) पाण्यातल्या रंगाचे चार थेंब पडले तरी ते गुठळ्या होऊन बसतं. त्याला तेलात विरघळणारा रंगच लागतो.

म्हणून या बेताची वाटणी अशी: निळा रंग पांढऱ्या व्हिप क्रीमला, केकच्या थरांना आणि जेलीला, केशरी-पिवळा-गुलाबी काजूच्या गोळ्याला, आणि वाळूला काहीच नाही, तिथे बिस्किटाचा स्वतःचा रंग पुरतो. एवढ्यात टेबल पुरेसं रंगीत दिसतं.

खालची मापं वीस मुलं आणि पंधरा-एक मोठी माणसं धरून आहेत: 6 इंची तीन थरांचा एक केक, 24 कपकेक, 20 छोटे ग्लास जेली आणि एक डबा कुलकुल. सगळं अंड्याशिवाय. लहान चमचा म्हणजे 5 मिली, मोठा चमचा म्हणजे 15 मिली. मैदा, दही, साखर मात्र वजनकाट्यावरच मोजा. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल भरला यावर सहज 30 ग्रॅमचा फरक पडतो, आणि केक कोरडा होण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

रंग विकत घेताना

भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांनाच परवानगी आहे. लाल: पॉन्सो 4आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन. पिवळे: टार्ट्राझिन, सनसेट यलो. निळे: इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू. हिरवा: फास्ट ग्रीन. बाटलीवर यांपैकी नाव आणि एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक नसेल तर ती घेऊ नका. सुट्या पुडीतला भडक गुलाबी तर नकोच. रोडामिन-बी हा कापडाचा रंग सापडल्यामुळे फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडूने म्हातारीच्या केसांच्या विक्रीवर बंदी घातली होती. चमकीच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ती खायची आहे असा होत नाही. ‘एडिबल’ आणि घटकांची यादी, दोन्ही बघा.

टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो यांच्याबद्दल युरोपीय संघात 2010 पासून पाकिटावर इशारा छापावा लागतो, की मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे पिवळा आणि गुलाबी शक्य तिथे हळद आणि बीट पावडरीवर भागवलेला बरा. निळ्यासाठी जेल रंग घ्या. पातळ द्रव रंगाने गडद छटा मिळवायला इतका ओतावा लागतो की क्रीम सैल पडतं.

तीन दिवस आधी: काजूचे मासे

फाँडंट, म्हणजे केकवर लावायचा साखरेचा लाटता येणारा गोळा, इथे मुद्दाम टाळला आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याला घाम फुटतो, फ्रीजमधून बाहेर काढला की आणखीच, आणि मुलं चव घेऊन तो बाजूला ठेवतात. काजूकतलीचा गोळा हाताला ओळखीचा असतो, आकार धरतो आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला जातो.

250 ग्रॅम काजू कोरड्या मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून चाळून घ्या. सलग फिरवले तर तेल सुटतं. काजू फ्रीजमध्ये असतील तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच दळा, नाहीतर बाष्प धरून लगदा होतो. 125 ग्रॅम साखर आणि 60 मिली पाण्याचा एकतारी पाक करा, गॅस मंद करून पूड घाला आणि चार-पाच मिनिटं हलवा. बोटांवर वळलेली गोळी चिकटली नाही की उतरवा. कोमट असतानाच लहान चमचाभर तूप लावून मळा. गोळ्याला भेगा पडत असतील तर दुधाचा हात लावा. सैल वाटला तर परत दोन मिनिटं परता.

गोळ्याचे चार भाग करा. एकात चिमूटभर हळद, एकात अर्धा चमचा बीट पावडर, एकात केशरी जेल रंगाचं टूथपिकचं टोक. चौथा तसाच ठेवा, तो शिंपले आणि तारामाशांसाठी. या गोळ्याला निळा लावू नका, काजूचा पिवळेपणा त्याला हिरवा करतो.

मासा करायला 12 ग्रॅमची गोळी घ्या. तळहातांत फिरवून एका बाजूला निमुळती करा, थेंबासारखी, आणि बोटाने हलकेच चपटी करा. निमुळत्या टोकाला करंजीच्या कातण्याने एक चीर द्या आणि दोन्ही बाजू उलगडा, की शेपटी झाली. कातण्याची नागमोड कडेला आपोआप उमटते. स्ट्रॉ तिरका धरून टोचत गेलं की अर्धगोल खवले उठतात, मागून पुढे, एकमेकांवर चढलेल्या ओळीत. डोळ्याला एक काळा तीळ. या मापात पंचवीस-तीस आकार होतात. ताटात तासभर पंख्याखाली ठेवून मग घट्ट डब्यात बटरपेपरच्या थरांमध्ये ठेवा.

मासा उभा करायचा असेल तर आत टूथपिक खुपसू नका, मूल त्यावर चावतं. स्पॅगेटीची कोरडी काडी तेच काम करते.

बोलावलेल्यांपैकी कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का हे आमंत्रणाच्या वेळीच विचारा. असेल तर काजू घरात काढूच नका. 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 150 ग्रॅम दूध पावडर आणि मोठा चमचाभर तूप मंद आचेवर गोळा होईपर्यंत परता; असेच आकार येतात, फक्त कडा थोड्या मऊ राहतात.

कुलकुल: तळलेले शंख

गोव्यात नाताळला कुस्वाराच्या, म्हणजे सणाच्या फराळाच्या, ताटात कुलकुल असतातच. काट्यावर किंवा कंगव्यावर वळलेला हा पदार्थ मुळातच शंखासारखा दिसतो, म्हणून समुद्राच्या टेबलावर त्याला वेगळी सजावट लागत नाही. 250 ग्रॅम मैदा, 2 मोठे चमचे बारीक रवा, 2 मोठे चमचे पिठीसाखर, चिमूट मीठ, त्यात 2 मोठे चमचे गरम तुपाचं मोहन. नारळाच्या दुधात घट्ट भिजवा, साधारण 100 मिली लागतं, आणि अर्धा तास झाका. बोराएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूला अंगठ्याने पसरायची आणि एका कडेने गुंडाळत आणायची. शेवटची कड नीट दाबा, नाहीतर तेलात उलगडते. मध्यम-मंद आचेवर तळा. आच मोठी झाली तर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा, वरून पिठीसाखर भुरभुरली तरी पुरते.

आदल्या दिवशी सकाळी: स्पंज

एका घाण्याचं प्रमाण: घट्ट, ताजं दही 250 ग्रॅम, पिठीसाखर 165 ग्रॅम, वास नसलेलं तेल 110 ग्रॅम, मैदा 190 ग्रॅम, बेकिंग पावडर सव्वा लहान चमचा, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, व्हॅनिला 1 लहान चमचा. असा एक घाणा केकला आणि दोन कपकेकना.

तेल घेण्याचं कारण असं, की क्रीमचा केक फ्रीजमध्ये राहणार. बटरचा स्पंज थंडीत कडक होतो, तेलाचा मऊ राहतो. व्हॅनिला बिनरंगी घ्या, तपकिरी इसेन्स निळ्याला मळकट करतो. दह्याला पाणी सुटलं असेल तर ते ओतून देऊन मग वजन करा.

केकच्या तीन थरांना तीन छटा द्यायच्या असतील तर सगळं मिश्रण एकदम करू नका. सोडा दह्याला लागल्याक्षणी काम सुरू करतो, आणि एकच टिन असेल तर तिसरा थर ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्यातली हवा निघून गेलेली असते. त्यापेक्षा दही, साखर, तेल आणि व्हॅनिला फेटून एका भांड्यात ठेवा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा तीनदा चाळून दुसऱ्यात. प्रत्येक थराला 175 ग्रॅम ओलं घ्या, त्यातच रंग मिसळा, मग 65 ग्रॅम कोरडं घालून हलक्या हाताने एकत्र करा. मैद्याच्या रेषा दिसेनाशा झाल्या की थांबा. जास्त घोटलं की केक रबरासारखा होतो. रंगाचा अंदाज: गडद थराला पाव लहान चमचा जेल, मधल्याला त्याच्या निम्मा, फिक्याला टूथपिकच्या टोकाइतका. प्रत्येक कंपनीचा जेल कमी-जास्त तीव्र असतो, म्हणून निम्म्याने सुरुवात करून वाढवत जा.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) 170 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. 6 इंची टिनला तळाशी आणि कडेलाही बटरपेपर लावा. मधल्या कप्प्यात 18 ते 22 मिनिटं. 180 ला लवकर होतो, पण कवच जाड आणि तपकिरी होतं, आणि निळ्यावर तपकिरी कवच म्हणजे शेवाळासारखी कड. तरी थोडं होतंच. थर गार झाल्यावर धारदार सुरीने पातळ कड आणि माथा उतरवा. गरम असताना कापलं तर भुगा होतो.

कपकेकसाठीही दोन घाणे वेगवेगळे करा, पहिला ट्रे बाहेर आला की दुसरा कालवा. प्रत्येक कागदी कपात 60 ग्रॅम, म्हणजे दोन तृतीयांशाच्या आसपास. 18 ते 20 मिनिटं. माथ्याला ज्वालामुखीसारखं टोक येऊन चिरलं तर ओव्हन जास्त तापला आहे, 10 अंश कमी करा. मध्ये खड्डा पडला तर बारा मिनिटांच्या आत दार उघडलं गेलं असेल, किंवा सोडा जास्त पडला असेल. कागद सुटून आला तर कपकेक गरम ट्रेमध्येच राहिले आहेत: पाच मिनिटांनी जाळीवर काढायला हवे होते, नाहीतर वाफ कागदाला ओला करते.

क्रीम

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, तेव्हा घाई नको. केकला 350 ग्रॅम आणि कपकेकना 300 ग्रॅम न फेटलेलं क्रीम लागतं, एक किलोचं पाकीट घेतलं की दुरुस्तीलाही उरतं. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं नॉन-डेअरी व्हिप क्रीम घ्या. ते शुभ्र असतं, त्यामुळे निळा निळाच राहतो, आणि उन्हाळ्यात दुधाच्या क्रीमपेक्षा जास्त वेळ टिकतं. ते आधीच गोड असतं, साखर घालायची नाही. गोठलेलं पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा. बाहेर ओट्यावर वितळवलं तर कडेने कोमट आणि मध्ये बर्फ राहतो, आणि ते नीट फुलत नाही.

भांडं आणि बीटरच्या काड्या अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. मंद गतीने सुरू करून मध्यमवर न्या. बीटरच्या मागे रेषा टिकू लागल्या की दर अर्ध्या मिनिटाला थांबून बघा. काडी वर उचलल्यावर टोक किंचित झुकलं तर ते केकवर लावायला योग्य. ताठ उभं राहिलं तर नोझलने काढायला योग्य. त्यापुढे गेलं की दाणेदार होतं, कडा फाटलेल्या दिसतात. अशा वेळी फेटू नका. न फेटलेलं गार क्रीम दोन-तीन मोठे चमचे घालून चमच्याने हळूहळू मिसळा, बहुतेक वेळा सावरतं. पाकिटातलं थोडं शेवटपर्यंत राखून ठेवायचं ते याचसाठी.

जेल रंग क्रीममध्ये लगेच पूर्ण दिसत नाही. तास-दोन तासांत एक छटा चढतो. हवा त्यापेक्षा फिका असतानाच थांबा. गडद नाविक निळ्याच्या मागे लागलं की रंग ओतत राहावा लागतो, चव कडवट होते आणि वीस मुलांच्या जिभा, दात आणि पांढरे शर्ट निळे होतात. आकाशी, मध्यम निळा आणि पांढरा पुरे.

थर रचताना प्रत्येकावर दोन-तीन मोठे चमचे साखरपाणी (60 ग्रॅम साखर, 120 मिली पाणी, उकळून गार), मग क्रीम. मध्ये फळ हवं असेल तर डब्यातला किंवा शिजवलेला अननस घाला. कच्चा अननस दुधाच्या क्रीमला कडू करतो. गडद थर तळाशी, फिका वर. बाहेरून क्रीमचा पातळ थर फिरवून केक तासभर फ्रीजमध्ये ठेवा. या पहिल्या थरात निळा भुगा अडकतो आणि वरचा स्वच्छ येतो. मग खालपासून मध्यम निळा, आकाशी, पांढरा असे पट्टे लावून स्क्रॅपर एकदाच फिरवा, आणि चमच्याची पाठ टेकवत-ओढत लाटा काढा. दोन-तीनदा फिरवलं की तिन्ही रंग मिसळून एकच फिका निळा उरतो.

कपकेकवरच्या लाटेसाठी क्लिंग फिल्मवर तीन रंगांच्या क्रीमचे पट्टे शेजारी शेजारी ठेवा, सुरळी करा, एक टोक कापून स्टार नोझलच्या पिशवीत सरकवा. पिशवी निम्मीच भरा. पूर्ण भरली की तळहाताच्या उष्णतेने मागचं क्रीम पातळ होतं आणि शेवटच्या सहा कपकेकवर फुलं बसकी येतात.

जेली: गोकर्णीचा समुद्र

बाजारातल्या जेली पावडरीत, मार्शमेलोत आणि गमी माशांत बहुधा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून बनतं. शाकाहारी घरांतली मुलं येणार असतील तर हिरवा ठिपका बघा, नाहीतर चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर) वापरा. चायना ग्रासचा दुसरा गुण असा, की ते चाळीस अंशांच्या आत घट्ट होतं आणि परत वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे मे महिन्यातही ग्लास उभा राहतो. जिलेटिन पस्तीसच्या आतच ढेपाळतं.

10 ग्रॅम चायना ग्रास कापून 500 मिली पाण्यात अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर एकही दोरा दिसेनासा होईपर्यंत उकळा, आठ-दहा मिनिटं लागतात. दुसरीकडे 500 मिली उकळत्या पाण्यात गोकर्णीची वीस-पंचवीस फुलं हिरवे देठ काढून घाला, दहा मिनिटांनी गाळा, 120 ग्रॅम साखर विरघळवा. घरच्या वेलीची फुलं उत्तम. हार-फुलांच्या दुकानातली फवारलेली असू शकतात, त्यापेक्षा चहासाठी विकतात ती सुकी घ्या. दोन्ही गरम असतानाच मिसळून गाळा. गार पाणी घातलं की तिथल्या तिथे गुठळ्या होतात.

अर्धं मिश्रण ग्लासांत ओता, ते निळं राहील. उरलेल्यात आच बंद केल्यावर लिंबाचे दोन लहान चमचे रस घाला, जांभळं होईल. लिंबू घालून उकळू नका, चायना ग्रासची पकड कमी होते. खालचा थर थरथरता पण बोटाला चिकटणारा असतानाच वरचा ओता. पूर्ण गार झाल्यावर ओतलात तर दोन थर चमचा लागताच एकमेकांवरून घसरतात. जेली झाकून ठेवा आणि दिवसभरात संपवा, दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं.

हाच गोकर्ण केकच्या मिश्रणात घालण्याचा मोह होतो. घालू नका: दह्याने जांभळा, सोड्याने हिरवट, आणि भाजून निघेपर्यंत राखाडी.

त्या दिवशी

वाळूसाठी 100 ग्रॅम ग्लुकोज बिस्किटं लाटण्याने भरड कुटा, एक मोठा चमचा साखर मिसळा. क्रीमवर ही वाळू तासाभरात ओल धरते, म्हणून मुलं यायच्या अर्धा तास आधी भुरभुरा. मासे आणि तारेही तेव्हाच बसवा. चांदीचे कडक मणी चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या ताटात नकोत, घशात अडकू शकतात.

केक कापण्याआधी वीस मिनिटं फ्रीजमधून काढा. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे मध्ये दहा मिनिटंही पुरे, आणि सकाळी घरातली वीज जाण्याची शक्यता असेल तर थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या तयार ठेवा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला परत तसंच करा, म्हणजे तिन्ही निळे थर स्वच्छ दिसतात.

उरलेला केक बंद डब्यात फ्रीजमध्ये दोन दिवस चालतो. आणि मुलांच्या आयांना निघताना सांगून ठेवा, की निळा रंग पोटात गेला की दुसऱ्या दिवशी शी हिरवट होऊ शकते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एक-दोन दिवसांत रंग परत नेहमीसारखा होतो.